रक्त लपत नाही म्हणे

बऱ्याच दिवसांनी लिहितेय. मधे ऑफिस, मग गणपती, मग गणपतीनंतरचा तो ठरलेला खोकला. पण आज लिहिल्याशिवाय झोप लागेल असं वाटत नाही. आणि ज्यांच्याशी भांडायचंय ती सगळी मंडळी हा ब्लॉग वाचतातच, तेव्हा वेगळं पत्र पाठवायची गरज नाही.

तर झालं असं. माझ्या धाकट्या चुलतभावाने आणि वहिनीने मूल दत्तक घ्यायचं ठरवून ‘कारा’कडे नाव नोंदवलं, त्याला आता तीन वर्षं झाली. (दोघांना विचारूनच लिहितेय. वहिनी म्हणाली, "लिही बाई, म्हणजे मला प्रत्येकाला वेगळं सांगायला नको.") यंदा गौरीच्या जेवणाला सगळे जमलेले. नंबर जवळ येत चाललाय असं भावाने सांगितलं. सगळ्यांना आनंद झाला, आत्याने तर डोळे पुसले. आणि मग काका पानावरून मान वर करून म्हणाले, "एवढं मात्र बघून घ्या, आई जेलमधली बिलमधली नाही ना. रक्त लपत नाही."

त्यावर आत्या वाढता वाढता म्हणाली, "आणि असली तरी सांगतंय कोण? कागदावर थोडंच लिहिलेलं असतं! पोराला तर मुळीच सांगू नका हो."

मी गप्प बसले. पानात पुरणपोळी होती, सणाचा दिवस होता, आणि आमच्या घरात पंगतीत वाद घालायचा नाही असा आजीच्या वेळेपासूनचा नियम आहे. पण ती दोन वाक्यं घरी बरोबर आली. एक म्हणतो, लपत नाही. दुसरी म्हणते, लपवा. दोघांचं एकमेकांशी पटत नाही असं वाटेल, पण नीट बघितलं तर त्या दोन वाक्यांचं फार सख्य आहे. रक्तात डाग असतो हे आधी मान्य करायचं, म्हणून मग कागद लपवायचा. दुसरं वाक्य प्रेमळ दिसतं इतकंच.

काका, आधी तुमच्याकडे येते. गौरी येण्याच्या पंधराच दिवस आधी तुम्ही सोसायटीत मध्यरात्री पाळणा हलवलात. सुंठवडा मीही खाल्ला. तो जन्म कुठे झाला होता? आई कुठे होती, बाप कुठे होता, दाराला कुलपं कुणाची होती? ते आपण दरवर्षी मोठ्याने सांगतो, ‘बंदिशाळा’ हा शब्द न चोरता सांगतो. देवाला चालतं, मग माणसाच्या पोराला का चालत नाही? (हो, माहितीये, "देवाची गोष्ट वेगळी". हे उत्तर गृहीत धरून पुढे जाते.)

तुमचं वाक्य तुमचं स्वतःचंही नाही. इंग्रजांनी त्याचा कायदा केला होता. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा. माणसाने काय केलं हे बघायचं कारणच नाही, तो कुठल्या आईच्या पोटी आला एवढं पुरे. आपल्या मुंबई इलाख्यात तो लागू झाला १९११ च्या सुधारित कायद्याने, आणि त्यात एक कलम होतं: अशा जमातींच्या सहा वर्षांवरच्या आणि अठरा वर्षांखालच्या मुलांना आईबापांपासून वेगळं काढून सुधारशाळेत टाकायचा अधिकार सरकारला. मूल अजून काही केलेलं नाही, करेल म्हणून. सोलापूरच्या सेटलमेंटचं तारेचं कुंपण आपल्याकडे पुस्तकांमधून वाचलेलं असतं, पण त्या कुंपणामागे हे ‘रक्त लपत नाही’ उभं होतं हे लक्षात राहत नाही. स्वातंत्र्य मिळालं १९४७ ला, त्या माणसांची सुटका झाली १९५२ ला. त्यांना आपण ‘विमुक्त’ म्हणतो. वाक्य मात्र गौरीच्या पंगतीपर्यंत टिकलं.

हा आजार फक्त आपला नाही. स्पेनमध्ये तर एका डॉक्टरने त्याला शास्त्राचा झगा चढवला होता. अंतोनियो वालेखो-नाखेरा हे त्याचं नाव, फ्रँकोच्या सैन्यातला मनोविकारतज्ज्ञ. १९३८ साली, यादवी युद्ध चालू असतानाच, त्याला कैद्यांवर संशोधन करायची परवानगी मिळाली. मालागाच्या तुरुंगातल्या पन्नास बायका त्याने तपासल्या. निष्कर्ष आधीच ठरलेला होता: या ‘लाल’ बायका मुळातच कमी प्रतीच्या, आणि त्यांची मुलं लहानपणीच त्यांच्यापासून तोडली तर समाज वाचेल. युद्ध संपल्यावर पराभूत बाजूच्या बायकांनी तुरुंग भरले. माद्रिदमधला व्हेंतासचा तुरुंग सुमारे पाचशे जणींसाठी बांधलेला, त्यात हजारो कोंबल्या. मार्च १९४० मध्ये हुकूम निघाला की मूल आईजवळ तुरुंगात राहील ते तीन वर्षांचं होईपर्यंतच. नंतर घ्यायला नातेवाईक नसतील तर (आणि नातेवाईक एक तर मेलेले, नाही तर तेही तुरुंगात) सरकारी आणि चर्चच्या संस्थांत. मग डिसेंबर १९४१ मध्ये आणखी एक कायदा. ज्या मुलांच्या आईबापांचा पत्ता लागत नाही त्यांची नवीन नावाने नोंद करता येईल.

हे शेवटचं मला सगळ्यात भयंकर वाटतं. मूल हिरावून घेणं एका दिवसाचं काम असतं. नाव बदललं की ते कायमचं होतं. आई सुटून आली, दारोदार हिंडली, तरी विचारणार काय? ज्या नावाने हाक मारायची ते नाव रजिस्टरात नाहीच. २००८ साली बाल्तासार गार्सोन या न्यायाधीशाने आपल्या आदेशात कैदी बायकांच्या अशा मुलांचा आकडा तीस हजारांच्या वर सांगितला. त्यातल्या किती जणांना आजही आपण कोण ते माहीत नसेल!

अर्जेंटिनाचं मी आधी एकदा ओझरतं लिहिलं होतं. १९७६ ते १९८३ लष्करशाही. पकडलेल्या बायकांत गरोदर बायका होत्या. त्यांना बाळंतपणापर्यंत जिवंत ठेवायचं, ब्वेनोस आइरेसच्या नौदलाच्या शाळेत तर त्यासाठी वेगळी खोली होती, आणि मग आई ‘बेपत्ता’. बाळ लष्करातल्या किंवा त्यांच्या ओळखीतल्या घरी. खोटा जन्मदाखला, खाली डॉक्टरची सही. अशी सुमारे पाचशे मुलं, असं आज्यांच्या संघटनेचं म्हणणं. हो, आज्या! १९७७ पासून प्लाझा दे मायोच्या आज्या आपली नातवंडं शोधताहेत. काका, रक्ताची गोष्ट त्यांच्याकडूनच ऐका. त्यांनी शास्त्रज्ञांना विचारलं, आईबाप दोघेही नाहीत, तर आजीच्या रक्तावरून नातू ओळखता येईल का? मेरी-क्लेअर किंग या अमेरिकन जनुकशास्त्रज्ञ बाईंनी १९८४ पासून त्यांच्याबरोबर काम केलं, आणि १९८७ मध्ये तिथे त्यासाठी सरकारी जनुक बँकच उभी राहिली. २०२५ पर्यंत १४० जणांचा छडा लागला. रक्त एवढंच सांगतं की तू कुणाची. तू कशी निघशील हे त्यात कुठे लिहिलेलं नसतं.

सापडलेले सगळे धावत येऊन गळ्यात पडले असंही नाही. काहींना ते हवंच नव्हतं. ज्यांना आईबाबा म्हणत वाढलो त्यांनीच आपल्या खऱ्या आईबापांचं काय झालं हे दडवलं, हे तिशीत कळणं म्हणजे काय होत असेल ते मला लिहिता येणार नाही.

आता कुणी म्हणेल, ते हुकूमशहा होते, चोर होते, आमचा दादा-वहिनी कुठे आणि ते कुठे. बरोबरच आहे. तुलना माणसांची नाही, खोट्याची आहे. तिथेही प्रत्येक घरात असंच म्हणत असणार की मुलाच्या भल्यासाठी सांगितलं नाही.

त्या आज्यांमुळे एक गोष्ट झाली जी थेट आपल्यापर्यंत येते. १९८९ च्या बालहक्क करारात आठवं कलम आलं ते अर्जेंटिनाच्या आग्रहाने: मुलाला स्वतःची ओळख जपायचा हक्क आहे, नाव, राष्ट्रीयत्व, नातीगोती, आणि ती बेकायदा हिरावली असेल तर सरकारने ती परत मिळवून द्यायला मदत करायची. सातवं कलम म्हणतं, शक्य असेल तोवर आपले आईबाप कोण हे कळायचा हक्क. भारताने हा करार १९९२ मध्ये मान्य केला.

आणि आत्या, आता तुझं वाक्य. "कागदावर थोडंच लिहिलेलं असतं." तुला कल्पना नसेल, पण तू सर्वोच्च न्यायालयाच्या शब्दांत बोललीस. १३ एप्रिल २००६ चा निकाल आहे, आर. डी. उपाध्याय विरुद्ध आंध्र प्रदेश सरकार. तुरुंगात आईबरोबर राहणाऱ्या मुलांसाठी नियम घालून दिले. निकाल चांगला आहे, मनापासून सांगते. मूल सहा वर्षांचं होईपर्यंत आईजवळ राहील, त्याला वेगळा आहार, पाळणाघर, बालवाडी. गरोदर बाईला शक्यतो बाहेर बाळंतपणाला सोडायचं. बारशाची सोय करून द्यायची, हे सुद्धा त्यात आहे! वाचताना माझा कंठ दाटून आला होता. कुणीतरी खुर्चीत बसून पाळण्याचा विचार केला.

त्याच निकालात म्हटलंय की बायकांच्या बराकीतच वाढल्यामुळे मुलगे बाईसारखं बोलतात. म्हणजे आपल्याकडचा मुलगा "मी जाते, मी येते" म्हणत असणार. आणि रस्त्यावरचं जनावर दिसलं की घाबरतात, कारण कधी बघितलेलंच नाही.

पण त्याच नियमांत एक ओळ अशी: तुरुंगात जन्म झाला तर नोंद करायची, मात्र जन्मस्थान म्हणून तुरुंग लिहायचा नाही, फक्त परिसराचा पत्ता लिहायचा. मला त्या ओळीमागचा कळवळा समजतो. शाळेत दाखला द्यावा लागतो, कारकून वाचतो, बाई वाचतात, मग वर्ग वाचतो. आणि बहुतेक बाळंतपणं सरकारी इस्पितळात होतात, तेव्हा ही ओळ लागू पडणारी मुलं थोडीच. तरीही मी त्या ओळीशी भांडणार. न्यायालयाला शाळेला सांगता आलं असतं की जन्मस्थानावरून मुलाला कमी लेखलंत तर खबरदार. त्याऐवजी सांगितलं, लिहूच नका. म्हणजे डाग आहे हे सगळ्यांनी मिळून मान्य केलं, आणि लपायची जबाबदारी चार दिवसांच्या बाळावर टाकली.

दाखला जगाला दाखवायचा कागद आहे, त्यात सगळं नको, हे मला मान्य. गरजेपुरतंच लिहा. पण जगाला न सांगणं वेगळं आणि ज्याचं त्याला न सांगणं वेगळं. पहिलं त्याचं खासगीपण. दुसरी चोरी.

आणि ‘जेलमधली आई’ म्हणजे कोण, हे तरी बघूया. नॅशनल क्राइम रेकॉर्ड्स ब्यूरोच्या अहवालाप्रमाणे ३१ डिसेंबर २०२२ ला देशातल्या तुरुंगांत १,५३७ बायका आपल्या १,७६४ मुलांसह राहत होत्या. त्यातल्या १,३१२ जणी कच्च्या कैदी. म्हणजे गुन्हा शाबीत झालेला नाही, खटला चालू आहे, किंवा चालायचा आहे. जामीन भरायला कुणी नाही, नाही तर कुणी आहे पण येत नाही. पुरुष आत गेला की बायको डबा घेऊन फाटकावर उभी राहते. बाई आत गेली की सासर म्हणतं नाव काढू नका, माहेर म्हणतं धाकटीचं लग्न व्हायचंय.

मग मूल सहा वर्षांचं होतं. नियमाने बाहेर. नातेवाईकांनी नेलं तर ठीक, नाही तर संस्थेत. निकालात आठवड्यातून एकदा भेट लिहिलेली आहे, पण लिहिलेलं आणि घडलेलं यांत पोलीस व्हॅन, एस्कॉर्ट, तारीख, सही असं बरंच काही येतं. काहीजणी मूल आधीच समितीच्या स्वाधीन करतात. २०१५ च्या कायद्याने विचार बदलायला दोन महिने मिळतात. ते दोन महिने तिचे कुठे जाणार? त्याच बराकीत. विचार बदलून तिच्या हातात काय येणार आहे? कागदावर तिचा अंगठा ‘स्वखुशीने’ असतो. ज्या खोलीला एकच दार आहे तिथून बाहेर पडणाऱ्याला ‘कुठल्या दाराने जायचं ते तुम्ही निवडलंत’ म्हणण्यासारखं आहे हे. आपल्याकडे स्पेनसारखा हुकूम नाही. लागतच नाही. ते काम काकांचं एक वाक्य करतं. "जेलमधली नाही ना" हे घराघरात म्हटलं जातं म्हणून तिच्या माहेरचं दार बंद होतं, आणि दार बंद होतं म्हणून मूल दत्तकाच्या यादीत येतं.

याचा अर्थ दत्तक घेऊ नका असा नाही! (फोन करू नका, वहिनी. वाचा पुढे.) ज्या मुलाची यादीत येण्याची वेळ आली त्याला घर मिळायलाच हवं, आणि तुमच्यापेक्षा चांगलं घर मला तरी माहीत नाही. दत्तकाचा हुकूम झाला की नवा जन्मदाखला मिळेल, त्यावर तुमच्या दोघांची नावं. तेही योग्यच. पण मग पहिलीचं नाव मुलाच्या हाती पडणाऱ्या कुठल्याच कागदावर उरत नाही. उरते फक्त संस्थेची फाईल. अठरा वर्षांचं झाल्यावर मुलाला स्वतःच्या मुळाचा शोध घ्यायचा अर्ज करता येतो, त्याआधी तुमच्याबरोबर. जन्मदात्या आईने नाव गुप्त ठेवायला सांगितलं असेल तर ते पाळलं जातं, आणि पाळायलाच हवं, कारण ती लपते तीही आपल्याच धाकाने. पण ज्याला काही माहीतच नाही तो अर्ज करणार कशाला? हक्क आहे, पण त्याच्या खोलीची किल्ली आईबाबांच्या कपाटात.

गौरीनंतर चार दिवसांनी वहिनीचा फोन आला होता. तिने थेट विचारलं, "समज, तसंच बाळ आलं. उद्या शाळेत कुणी चिडवलं, तर तू येणार आहेस का भांडायला? तुझं ब्लॉगवर लिहून होतं गं."

बोलणं लागलं. पण प्रश्न खरा आहे. मी तिला म्हटलं, येणार. शाळेत येईन, लग्न ठरवताना येईन, काकांशी तर आत्तापासूनच भांडतेय. आणि तिला एवढंच मागितलं की अहवालातली जी काही माहिती तुम्हाला मिळेल तिची एक प्रत जपून ठेवा, आणि मूल विचारायच्या आधी सांगायला लागा. तीन वर्षांच्या पोराला तीन वर्षांचं सांगायचं, आठव्या वर्षी आठ वर्षांचं. "तुझी पहिली आई अडचणीत होती, तिला घरी जायला मिळत नव्हतं." यात खोटं काय आहे? पुढचं पुढे. एकदम अठराव्या वर्षी ताटात वाढायचं नाही.

"आणि गुन्हा खराच केला असेल तर?" तिने विचारलं.

तर तो तिने केला, तिच्या पोराने नाही. आमच्या पणजोबांनी भावाची जमीन कशी लिहून घेतली ते या घरातल्या सगळ्यांना माहितीये. त्यांचं रक्त माझ्यात आहे, काकांच्यात आहे, काकांच्या त्या आयआयटीवाल्या नातवातही आहे. त्याच्या मुंजीत कुणी म्हणालं का, बघून घ्या हं, रक्त लपत नाही?

(काका, हे लिहू नको असं आई म्हणाली होती. लिहिलं.)

वहिनी थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, भाऊ एक जाड वही घेऊन आलाय, दोनशे पानी, पुठ्ठ्याची. बाळ आल्या दिवसापासूनचं लिहायला. तिने त्याला सांगितलंय की पहिली चार पानं कोरी सोड, आपल्या आधीच्यासाठी.

आत्या, रागावू नकोस. काका, तुम्ही प्रतिक्रिया लिहिणार हे मला माहितीये, फक्त कृपा करून सगळी कॅपिटलमधे इंग्रजीत लिहू नका, ओरडल्यासारखं वाटतं. दिवाळीला येतेच आहे. राहिलेलं तिथे बोलू, पंगत उठल्यावर.